कण्हेरीची सावली

आमच्या चर्चच्या आवारात, लूर्द्स माउलीच्या गुंफेमागे, जाळीचे एक लहानसे कुंपण आहे. परदेशी निघालेल्या एका कुटुंबातील नऊ वर्षांच्या मुलीने आपले दोन गिनीपिग माझ्या स्वाधीन केले, तेव्हा ते उभारले. निघताना तिने विचारले, "फादर, त्यांना नीट सांभाळाल ना?" मी हसून 'हो' म्हटले. धर्मगुरूला दिवसातून अनेकदा 'हो' म्हणावे लागते. प्रत्येक होकाराचे वजन तो तोलतोच असे नाही.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशातला. पेरू देशात कुस्को येथील कॅथेड्रलमध्ये मार्कोस झापाता या चित्रकाराने अठराव्या शतकात रंगविलेले शेवटच्या भोजनाचे चित्र आहे. त्यात प्रभूच्या पुढ्यातील ताटात हाच प्राणी आहे, असे मानले जाते. हे सारे मी वाचले होते. त्याला काय खाऊ घालावे, एवढे मात्र वाचले नव्हते. शेळीला चालते ते त्यालाही चालेल, असा माझा समज!

गुंफेभोवती मीच कण्हेर लावून घेतली होती. तिला पाणी थोडे लागते, फुले पुष्कळ येतात आणि गुरे तिला तोंड लावीत नाहीत. ती तोंड का लावीत नाहीत, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मे महिन्यात, माउलीच्या रोझरीसाठी आवार स्वच्छ करताना कण्हेरीची छाटणी झाली. काही पाने जाळीत पडली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर पाहतो तो दोघींपैकी एक कोपऱ्यात निपचित. कण्हेरीचे सर्वांग विषारी असते, पान वाळले तरी विष जात नाही, ते हृदयाची लय बिघडवते, असे पशुवैद्यांनी सांगितले. शिवाय या प्राण्याला ओकता येत नाही. एकदा गिळले की परतीची वाट नाही. दुपारपर्यंत सारे संपले.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना अज्ञानाचे दोन प्रकार पाठ केले होते: दूर करता न येणारे आणि दूर करता येण्याजोगे. दुसऱ्यास दोष लागतो. माझे अज्ञान एका प्रश्नाने दूर झाले असते. तो मी कोणालाच विचारला नव्हता.

मग वाडीत आयुष्य घालविलेल्या एका आजींना बोलावले, पशुवैद्यांनाही पुन्हा विचारले. कण्हेर, बिट्टी, घाणेरी, धोतरा, रुई, एरंड ही झाडे हटविली. कण्हेर जाळली नाही, कारण तिचा धूरही घातक, खोल पुरली. व्हरांड्यातील मनीप्लांट आणि नाताळातील लाल पानांची पॉइन्सेटिया दूर नेली. ख्रिस्ताचा काटेरी मुकुट म्हणून आपण हौसेने लावतो त्या झाडाचा चीकही अपायकारक. पवित्र नावाने झाड निर्विष होत नाही. टोमॅटो-बटाट्याचा पालाही वर्ज्य.

आत हरळी वाढू दिली, कारण गवत हेच त्यांचे मुख्य अन्न. उन्हाचा ताप त्यांना सोसत नाही, म्हणून सावलीला जास्वंद लावली. तिचे पान-फूल खाल्ले तरी चिंता नाही. फवारणी न केलेला गुलाब, कोथिंबीर, मक्याची कोवळी पाने हीही चालतात. माणसाप्रमाणेच या प्राण्याच्या शरीरात 'क' जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून रोज ढोबळी मिरचीची किंवा पेरूची फोड. उरलेलीला एकटेपण नको, म्हणून सोबतीण आणली.

राहिले होते पत्र. 'आजाराने गेली' असे लिहिणे सोपे होते. परंतु शनिवारी पापनिवेदन ऐकणाऱ्याने स्वतःचे लपवावे कसे? घडले ते सारे लिहिले आणि क्षमा मागितली. उत्तर यायला महिना लागला. त्यात रागाचा शब्द नव्हता, एकच विनंती होती: "फादर, कोणती झाडे चांगली त्यांची यादी पाठवा. इथे मला पुन्हा गिनीपिग पाळायचे आहेत."

एदेन बाग आदामाच्या हाती सोपविली ती मशागतीसाठी आणि राखण्यासाठी. मशागत मला थोडीफार येत होती. राखणे म्हणजे प्रत्येक झाडाला नावानिशी ओळखणे, हे एका बालिकेने शिकविले. यादी पाठविली आहे. सर्वांत वर मी लिहिले: जास्वंद.