नळ जोडणारा माणूस

खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरून त्याच्याकडे उतरणाऱ्या पोलादी नळांपुढे आम्ही नेहमीच थबकतो. सुमारे ५०० मीटर खाली येणाऱ्या पाण्याचा दाब तळाशी दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोच्या आसपास जातो. म्हणून अशा नळाचा पत्रा माथ्याशी पातळ, तर पायथ्याशी जाड ठेवावा लागतो. पत्रा रोलरमधून वाकवायचा, कडा सांधायच्या (पूर्वी रिवेट ठोकून, आता वेल्डिंगने), आणि एकेक तुकडा डोंगरावर नेऊन आधीच्याला भिडवायचा. वळणावर पाणी नळाला बाहेर रेटते, तिथे काँक्रीटचा भक्कम ठोकळा हवा; उन्हाने पोलाद लांबते, त्यासाठी सरकता सांधा हवा. हे सारे मिलिमीटरच्या हिशेबात, आणि उभ्या उतारावर!

टाटांच्याच मुळशी धरणाविरुद्ध १९२१ साली झालेला सत्याग्रह आम्ही वर्गात आवर्जून सांगतो, आणि ते योग्यच आहे. हे सांधे जुळवणारा कामगार मात्र आम्ही शिकवलेल्या एकाही पाठ्यपुस्तकात आलेला नाही. सुर्व्यांच्या कवितेतल्या कामगाराला निदान गिरणगाव होते. हा माणूस नळ जोडून झाला, की पुढच्या डोंगराकडे निघून जातो.