आठ सेकंद : फुल कोर्ट प्रेसला पत्र

प्रिय प्रेस,

तुझं पूर्ण नाव फुल कोर्ट प्रेस, पण मैदानावर एवढं लांब नाव कुणी घेत नाही. बास्केट झाली की बेंचवरून एकच हाक येते, "प्रेस!" आणि पाचही जणी मागे परतायच्या ऐवजी जिथे आहेत तिथेच समोरच्यांना भिडतात.

तुझी माझी ओळख कल्याणच्या एका कॉलेजच्या मैदानावर झाली. त्या कोर्टावर बोर्ड एकच होता. पलीकडचा पोल गंजला म्हणून काढून टाकलेला आणि त्या जागी दुचाक्या उभ्या. पावसाळाभर सिमेंटवर शेवाळ, म्हणून सराव बंद. उरलेल्या दिवसांत अर्ध्या कोर्टावर खेळायचं आणि पूर्ण कोर्ट बघायचं ते थेट सामन्याच्या दिवशी. आम्ही नऊ जणी होतो. दोघी बदलापूरच्या, एक टिटवाळ्याची, दोघी ठाण्याच्या, बाकी डोंबिवलीकर. सगळ्यांत उंच मुलगी पाच फूट सहा इंच.

पहिल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामन्यात समोरची सेंटर आमच्या डोक्यावरून चेंडू घ्यायची, वळायची आणि टाकायची. आम्ही तिच्याभोवती नुसत्या उड्या मारत होतो. सामना हातचा गेला, शेवटची दोन मिनिटं उरली, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "प्रेस लावा!" आणि तू आलीस. कुणी कुठे उभं राहायचं ते एकीलाही ठाऊक नव्हतं. पाचही जणी चेंडूच्या मागे. दोन लांब पास, दोन फुकटच्या बास्केट, खेळ खलास.

आपल्याकडे बहुतेकांना तू अशीच भेटतेस. हरत असताना, दम संपल्यावर, बुडत्याला काडीचा आधार म्हणून. मग लोक म्हणतात, प्रेसने काही होत नाही. हे पत्र लिहायला बसले ते त्यासाठीच. तुला पहिल्या मिनिटाला बोलवायला हवं, आणि त्याआधी कितीतरी आठवडे तुझी तालीम करायला हवी.

दुसऱ्या वर्षी आम्हाला शिकवायला आलेले सर मूळचे कबड्डीचे. बास्केटबॉल त्यांनी कधी खेळला नव्हता. पहिल्या दिवशी चेंडू बाजूला ठेवून त्यांनी हिशेब मांडला. बायकांच्या कबड्डीचं मैदान १२ बाय ८ मीटर. आपला अर्धा भाग ४८ चौरस मीटर, तो राखायला सात जणी. बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५, म्हणजे ४२० चौरस मीटर, आणि राखायला पाच. "एवढं राखता येईल का?" त्यांनी विचारलं. आम्ही म्हणालो, नाही. "मग राखूच नका. तिला कोपऱ्यात न्या. चढाईला आलेली मुलगी मैदानाच्या मधोमध असते तोवर धरता येत नाही. ती कोपऱ्याकडे वळली, रेषा तिच्या पाठीशी आली, की साखळी घट्ट करायची."

त्या दिवसापासून तू मला कळायला लागलीस. आपण बास्केट केली की समोरच्यांना चेंडू बाहेरून आत टाकायला पाच सेकंद मिळतात. चेंडू आत आला की अर्धी रेषा ओलांडायला आठ. हे आठ सेकंद म्हणजे तुझं सगळं भांडवल. चेंडू मधून जाऊ द्यायचा नाही, बाजूला जाऊ द्यायचा, मुद्दाम. ती मुलगी चेंडू घेऊन कडेला आली की दोघींनी दोन बाजूंनी यायचं, गुडघे वाकवून, पाय इतके जवळ की मधून वाट मिळू नये, हात वर. हाच ट्रॅप. चेंडूवर झडप घालायची नाही, घातली की फाऊल. फक्त तिला पलीकडचं काही दिसू द्यायचं नाही. एका बाजूला कडेची रेषा, मागे शेवटची रेषा. ह्या दोन रेषा कधी दमत नाहीत आणि त्यांना फाऊलही पडत नाही.

पण कबड्डी आणि तू ह्यांत एक मोठा फरक आहे. चढाईवाली एकटी असते. इथे मात्र तिच्या चार मैत्रिणी मोकळ्या फिरतात. दोघी ट्रॅपला गेल्या की आपल्या उरतात तीन, त्यांच्या चार. एकीला सोडावंच लागतं. कुणाला सोडायचं, ह्यातच तुझं सगळं शहाणपण आहे. सोडायचं सगळ्यांत लांबच्या मुलीला. तिच्यापर्यंतचा पास उंचावरून जातो, हवेत रेंगाळतो आणि तेवढ्या वेळात आपली एक जण तिथे पोचू शकते. म्हणून तिघींपैकी एक जवळच्या पासवर, एक मागे आपल्या बोर्डाखाली, आणि एक मध्ये. मी ती मधली. ट्रॅपमधली मुलगी कुठे बघते, तिचे खांदे कुठे वळतात, ते वाचत राहायचं आणि पास सुटायच्या आधी निघायचं. सुटल्यावर निघालं की उशीर झालेला असतो.

टाळ्या ट्रॅपवाल्या दोघींना मिळतात. फोटोही त्यांचेच येतात. मला त्याचं तेव्हा फार लागायचं, आता नाही. मागच्या तिघी जागेवर असतील ह्या भरवशावर पुढच्या दोघी आपल्या माणसाला सोडून धावतात. तो भरवसा नसेल तर ट्रॅपला जाणारी मुलगी अर्ध्या वाटेत थबकते, आणि तू तिथेच फुटतेस. जे संघ म्हणतात की आमच्यात दम नाही म्हणून प्रेस जमत नाही, त्यांच्याशी मी वाद घालते. दम लागतोच, बदली खेळाडूही लागतात, पण मी पाहिलेल्या बहुतेक प्रेस दमाअभावी फुटल्या नाहीत, ह्या थबकण्यानं फुटल्या.

तो भरवसा आम्ही लोकलमध्ये कमावला. संध्याकाळी परतताना लेडीज डब्यात स्टीलच्या डब्याचं झाकण मांडीवर घ्यायचं. पाच शेंगदाणे आपल्या, पाच चणे त्यांच्या. दोन पुढे, दोन मध्ये, एक मागे. एक चणा कोपऱ्यात सरकवायचा आणि प्रत्येकीने आपापला शेंगदाणा हलवायचा. चुकलं की शेजारची मुलगी तो खाऊन टाकायची आणि पुन्हा नवा मांडायचा. डोंबिवलीला गर्दीचा लोंढा आत घुसला की झाकण छातीशी धरायचं, ठाण्याच्या दोघी पुढे तोच डाव चालू ठेवायच्या.

दोन-दोन-एक ही मांडणी फार जुनी आहे, हे मला नंतर कळलं. अमेरिकेत जॉन वुडन यांच्या यूसीएलए विद्यापीठाच्या संघाने १९६३-६४ च्या हंगामात तुझ्याच जोरावर तीसच्या तीस सामने जिंकले. सुरुवातीच्या पाचांत सहा फूट पाच इंचांहून उंच कुणी नव्हतं, आणि त्यांच्या खेळात ही उंची लहानच. अंतिम सामन्यात ड्यूकविरुद्ध पिछाडीवरून त्यांनी सलग १६ गुण घेतले, तेही अडीच-एक मिनिटांत. वुडन यांना चेंडू हिसकावण्यापेक्षा समोरच्याला त्याच्या सवयीच्या वेगातून बाहेर खेचणं महत्त्वाचं वाटायचं. उंच संघ सावकाश खेळतो. त्याला घाईत आणलं की उंचीचा उपयोग उरत नाही.

तुझा एक भक्त तर आपल्या मुंबईचा. विवेक रणदिवे इथे वाढले, शिकायला एमआयटीला गेले, टिब्को ही सॉफ्टवेअर कंपनी उभी केली. कॅलिफोर्नियात रेडवूड सिटीला मुलीच्या संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा बास्केटबॉल त्यांनी स्वतः कधी खेळला नव्हता. मुली जेमतेम बारा वर्षांच्या, नेमबाजी यथातथाच. रणदिवे क्रिकेट आणि फुटबॉल बघत वाढलेले. त्यांना एकच कळेना. बास्केट केल्यावर सगळे पाठ फिरवून आपल्या टोकाला का पळतात, निम्म्याहून जास्त कोर्ट समोरच्यांना आंदण का देतात? त्यांनी तुला प्रत्येक सामन्यात, पहिल्यापासून शेवटपर्यंत लावलं, आणि तो संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेला. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये न्यूयॉर्कर मासिकात ही गोष्ट लिहिली. पुढे २०१३ मध्ये रणदिवे यांच्या गटाने सॅक्रामेंटो किंग्ज हा एनबीए संघ विकत घेतला, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तो संघ वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सविरुद्ध खेळून गेला. भारतात झालेले एनबीएचे ते पहिले सामने.

मला रणदिवेंच्या गोष्टीतला तो प्रश्न आवडतो. तो बाहेरून आलेल्या माणसाला पडला, जसा आमच्या कबड्डीच्या सरांना पडला होता. तुला कुणी गनिमी कावा म्हटलं की मात्र मला पटत नाही. गनिमी काव्यात दडून बसावं लागतं. तू तर उघड्या कोर्टावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आम्ही कुठे उभ्या आहोत ते दाखवून खेळतेस.

तुझ्याबद्दल एक तक्रार आहे, तीही सांगते. रणदिवेंच्या संघावर समोरचे प्रशिक्षक चिडायचे. त्यांचं म्हणणं होतं की ह्या वयात मुलींनी ड्रिबल, पास, शूट शिकावं. ते मला अगदीच चूक वाटत नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही एका नवख्या संघावर तुला लावलं. चेंडू आत टाकणारी मुलगी बारीक चणीची होती. सलग तिसऱ्यांदा तिचा पास आमच्या हातात आला आणि तिने मान वळवून बेंचकडे पाहिलं. मदत मागावी तसं. पास अडवणारी मीच होते. मी बास्केट केली आणि पुन्हा तिच्यासमोर हात वर करून उभी राहिले. सरांनी टाइमआउट घेऊन तुला उठवलं. "जिला चेंडू आत टाकता येत नाही, तिच्यावर प्रेस लावून तुम्ही काय शिकलात?" मला उत्तर आलं नाही. शाळकरी मुलांच्या कितीतरी स्पर्धांत तुझ्यावर बंधनं असतात, ती असावीत. कॉलेजच्या वयात, तोडीस तोड संघांत मात्र तुला बिनदिक्कत यायला हवं.

आता माझा खरा राग. घोडबंदर रोडच्या गृहसंकुलांत बास्केटबॉलची कोर्टं दिसतात, पण किती तरी ठिकाणी ती अर्धीच असतात. एक बोर्ड, रंगवलेली फरशी, कडेला पार्किंग. अर्ध्या कोर्टाचा तीन-तीन जणांचा खेळ टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आला, तो चांगलाच खेळ आहे. पण तिथे वाढलेल्या मुलाला तू भेटतच नाहीस. मुंबईत नागपाड्यासारख्या दाटीच्या वस्तीत लोकांनी कोर्ट जपलं आणि तिथून अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारा खेळाडू उभा राहिला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत एवढे मजले चढले, तिथे २८ मीटर सलग जमीन मुलांसाठी सोडायला हवी होती.

तोवर थांबून चालणार नाही. तुला शिकायला दुसरा बोर्ड लागतच नाही, हे मला उशिरा सुचलं. तुला लागतात रेषा, आणि मोजणारा आवाज. म्हणून रविवारी साडेसहाला मी आमच्या संकुलामागच्या मोकळ्या पटांगणात फक्कीची पिशवी घेऊन जाते. दोरीने २८ मीटर मोजते, १५ मीटर मोजते, मध्ये अर्धी रेषा मारते. पाऊस पडला की सगळं वाहून जातं, पुढच्या रविवारी पुन्हा मारते. कॉलेजात जाणारी अकरा मुलं-मुली येतात. पाच-पाच जण खेळतात, उरलेला एक जण कडेला उभा राहून आठपर्यंत मोठ्याने मोजतो.

गेल्या रविवारी सहा म्हणेपर्यंत ट्रॅप लागला होता. कोपऱ्यातल्या मुलाने चेंडू डोक्यावर घेतला. मध्ये उभी असलेली चष्मेवाली मुलगी, जिला सकाळपासून एकदाही चेंडू लागला नव्हता, त्याच्या खांद्यांकडे बघत होती. चेंडू त्याच्या हातातून सुटायच्या आधी ती दोन पावलं सरकली.

तुझीच,
मधली