सोनई ते कुर्तुबा

कारखान्यातून उसाचं बिल खात्यावर जमा झालं आणि आमच्या घरात पहिल्यांदाच परदेशी सहलीचा विषय निघाला. मुलांच्या परीक्षा एप्रिलमध्ये संपतात, म्हणून मे महिन्याचा पहिला पंधरवडा ठरला. आपल्या सोनईत तेव्हा ऊन भाजत असतं, स्पेनमध्ये मात्र वसंत असतो. कुर्तुबा, गरनाता ही नावं तर आम्ही लहानपणापासून बयानांत ऐकत आलो.

रात्री दस्तरखान आवरला की वही उघडायची, असा नेमच झाला. थोरल्या मुलीने आखणी केली. माद्रिदला उतरून एक दिवस आराम. तिथून वेगवान रेल्वेने पावणेदोन तासांत कोर्दोबा, म्हणजे आपलं कुर्तुबा. मेच्या सुरुवातीला तिथले लोक घरांची फुलांनी सजवलेली अंगणं पाहुण्यांसाठी उघडी ठेवतात. मग गरनाता तीन दिवस, शेवटी सेव्हिल.

कुर्तुब्याची मशीद पहिल्या अब्दुर्रहमानने 785 च्या सुमारास बांधायला घेतली. आजही आत साडेआठशेहून अधिक खांब उभे आहेत. 1236 मध्ये शहर ख्रिस्ती राजाच्या हाती गेलं, तेव्हापासून ते चर्च आहे. तिथे नमाज पढायला परवानगी नाही. हे ऐकून धाकटा हिरमुसला. “मग जायचं कशाला?”

अब्बा म्हणाले, “बघायला. आणि ज्यांनी बांधली त्यांच्यासाठी मनात दुआ करायला कोण अडवतं?”

गरनात्यात अल्बाइसीन वस्तीत, अल्हंब्राच्या अगदी समोर, 2003 मध्ये नवी मशीद सुरू झाली. म्हणून जुम्मा गरनात्यातच यावा, असे दिवस आम्ही पुढे-मागे सरकवले. अल्हंब्राचं तिकीट बरंच आधी काढावं लागतं आणि आतल्या महालांत जायची वेळ त्यावर ठरवून दिलेली असते, हेही वहीत लिहिलं.

अब्बांना मात्र वेगळीच गोडी लागली. पाटाला स्पॅनिश भाषेत ‘असेकिया’ म्हणतात, तो शब्द अरबीतून आलेला. साखरेला ‘असुकार’ म्हणतात, तोही अरबी ‘सुक्कर’वरून, आणि त्याचं मूळ आपल्या ‘शर्करे’त. अरबांनी ऊस स्पेनपर्यंत नेला. गरनात्याच्या दक्षिणेला समुद्रकाठी तो अगदी 2006 पर्यंत गाळला जात होता. जन्मभर उसाला पाटाचं पाणी दिलेले अब्बा हसून म्हणाले, “म्हणजे सोयऱ्यांकडेच चाललोय की!”

मग खर्चाचं पान आलं. व्हिसाचे माणशी 90 युरो, 30 हजार युरोंचा प्रवास विमा, विमान, मुक्काम. सहा जणांची बेरीज मुलीने मोठ्याने वाचली. अम्मी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “एवढे पैसे आहेत, तर हज आपल्यावर फर्ज नाही का झाला?”

कोणीच काही बोललं नाही. दरवर्षी आम्ही त्यांना सांगत आलो होतो, पुढच्या उसावर बघू. विहीर झाली, ट्रॅक्टर झाला, नणंदेचं लग्न झालं. अम्मींनी कधी आठवण करून दिली नव्हती, आणि आम्ही त्याचा सोयीचा अर्थ काढला होता.

दुसऱ्या दिवशी मौलानांना विचारलं. ते म्हणाले, येण्या-जाण्याचा खर्च आणि मागे घरच्यांची सोय असेल, तब्येत साथ देत असेल, तर विनाकारण लांबवू नका.

ते पैसे आता बाजूला ठेवले आहेत. हज कमिटीचे अर्ज निघाले की अम्मी-अब्बांचे आणि आमचे भरायचे, मुलं तेवढे दिवस मावशीकडे राहतील. धाकटा दोन दिवस रुसला, मग आजीजवळ जाऊन तिच्याकडून तलबिया शिकायला लागला.

वही कपाटात जपून ठेवली आहे. इन्शाअल्लाह, तेही दिवस येतील. त्यातला जुम्मा गरनात्यातच आहे, तारीख तेवढी नव्याने घालायची.