नदी ओलांडून आलेला देव

दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या देवघरात मंगेशाचा एक जुना फोटो आहे. जबलपूरमध्ये वाढलेल्या आम्हा भावंडांसाठी गोवा म्हणजे समुद्र. आजीसाठी मात्र गोवा म्हणजे कुलदैवत. यंदा तिनं हट्टच धरला, "माझे गुडघे चालतायत तोवर एकदा नेऊन आणा." मग आईबाबा, आजी, मी आणि दहा वर्षांची माझी चुलत बहीण, असे सगळे निघालो.

मंगेशीचं देऊळ पणजीपासून साधारण 21 किलोमीटरवर, फोंडा तालुक्यातल्या प्रियोळ गावात आहे. समोर तळी, अंगणात सात मजली पांढराशुभ्र दीपस्तंभ आणि मागे हिरवी डोंगरउतरण. दर्शन झाल्यावर आजी पायरीवर टेकली आणि म्हणाली, "हा देव मूळचा इथला नाही हो. कुठ्ठाळीचा. नदी ओलांडून आलाय."

बहिणीनं लगेच विचारलं, "का? देवाला कोण घालवून देईल?"

आजीनं माझ्याकडे पाहिलं. उत्तर मला द्यायचं होतं.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. सुरुवातीला त्यांनी कारभाराची घडी बसवली. गावकऱ्यांची जुनी पद्धत, जमिनीचे हक्क, कर हे सगळं 1526 मध्ये एका सनदेत लिहून घेतलं. गावकी चालू राहिली. पण 1540 च्या सुमारास त्याच सरकारनं तिसवाडीतली देवळं पाडायला सुरुवात केली. 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मतपासणीचं न्यायालय आलं. त्याच वर्षी भक्तांनी कुठ्ठाळीहून, म्हणजे जुन्या कुशस्थळीहून, मंगेशाचं लिंग जुवारी नदीपार प्रियोळला आणलं. तेव्हा हा भाग विजापूरच्या आदिलशाहीत होता. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. पुढे 1739 मध्ये पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानाला इनाम दिलं.

जे मागे राहून ख्रिस्ती झाले, त्यांचीही सुटका नव्हती. 1736 च्या एका फर्मानात घरात तुळस लावायला बंदी होती. हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवण्यालासुद्धा! हे ऐकून आजी म्हणाली, "म्हणजे चुलीपाशीसुद्धा माणसं बसवली होती म्हणायची!"

दुसऱ्या दिवशी आम्ही पणजीच्या फोंतेन्हास भागात गेलो. पिवळी-निळी घरं, लाल कौलं, अरुंद गल्ल्या. दीक्षितपुऱ्यातल्या गल्लीसारखंच इथंही समोरच्या घरातलं बोलणं आपल्या खिडकीत येतं. गल्लीच्या टोकाला संत सेबॅस्टियनचं छोटं चॅपल आहे. आतल्या क्रूसावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ आहे. एरवी ती झुकलेली असते. हा क्रूस एके काळी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या इमारतीत होता. लोक त्या इमारतीला 'वडलें घर' म्हणत. 1812 मध्ये इन्क्विझिशन कायमचं बंद झालं, तेव्हा क्रूस पणजीच्या राजवाड्यात आला आणि पुढे 1918 मध्ये या चॅपलमध्ये.

आता हा सेबॅस्टियन कोण? परंपरा सांगते की तो रोमन सैन्यातला अधिकारी होता. ख्रिस्ती आहे म्हणून सम्राट डायोक्लेशियनच्या हुकुमावरून त्याच्यावर बाण सोडले गेले.

हा डायोक्लेशियन मोठा सुधारक. 284 मध्ये तो गादीवर आला तेव्हा साम्राज्य मोडकळीला आलं होतं. त्यानं सत्ता चौघांत वाटली, प्रांत लहान केले, करांची नवी पद्धत आणली. महागाई रोखायला 301 मध्ये वस्तूंचे कमाल दर ठरवले, मोडणाऱ्याला मृत्युदंड. सगळं एका साच्यात बसवायच्या या ध्यासात श्रद्धाही आली. 303 मध्ये चर्च पाडण्याचे आणि धर्मग्रंथ जाळण्याचे हुकूम निघाले. दोन वर्षांनी त्यानं गादी सोडली आणि आजच्या क्रोएशियातल्या स्प्लिट इथल्या महालात राहायला गेला. त्याची कबर तिथंच होती. आज त्या जागेवर चर्च आहे आणि ते ज्या संताच्या नावानं ओळखलं जातं, तो डायोक्लेशियनच्याच काळात मारला गेला होता!

ज्यांची चर्च त्यानं पाडली, त्यांच्याच धर्माच्या राज्यकर्त्यांनी बाराशे वर्षांनी गोव्यात आमची देवळं पाडली. आणि त्या छळाचा साक्षीदार असलेला क्रूस आज छळ सोसलेल्या संताच्या घरी आहे. मी चॅपलमध्ये बराच वेळ उभी राहिले. छळ सोसलेला माणूस पुढे कुणाचा छळ करणार नाही, असं मला वाटायचं. तसं नसतं.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई ख्रिस्ती. आजीनं त्यांना मंगेशाचा प्रसाद दिला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "आजी, तुमचे लोक देव घेऊन नदीपार गेले. आमचे शेतं सांभाळत मागे राहिले. गाव एकच होतं." आजी काही बोलली नाही, पण निघताना तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या दारात एक क्रूस होता, अगदी तुळशीवृंदावनासारख्या चौथऱ्यावर.

जाणार असाल तर दोन गोष्टी सांगते. मंगेशीला अंगभर कपडे घाला. फोंतेन्हासला सकाळी लवकर, पायी फिरा आणि ही लोकांची राहती घरं आहेत हे विसरू नका. जुन्या गोव्यात 'वडलें घर' शोधू नका, ते कधीच पाडलं गेलं.

परतीला मडगावच्या वाटेवर जुवारीचा पूल लागला. पलीकडे कुठ्ठाळी. आजीनं गाडीतूनच हात जोडले. बहीण म्हणाली, "पण आजी, देव तर आता तिकडे आहे ना?"

"हो गं," आजी म्हणाली, "पण इथली माणसंही आपलीच ना?"

मग बहिणीनंही हात जोडले.