बारी चारची, मधल्या वेळात इनामगाव!

२०१८च्या फुटबॉल वर्ल्डकपला माझा एक मित्र थेट रशियातल्या कझानला गेला होता. मॅच नव्वद मिनिटांची. उरलेल्या वेळात करणार काय? पठ्ठ्या तिथलं जुनं क्रेमलिन पायी फिरला. परत आल्यावर गोलपेक्षा त्या पांढऱ्या तटबंदीबद्दलच जास्त बोलायचा. तेव्हा मी त्याला जाम हसले होते.

यंदा माझंही तेच झालं. फक्त खेळ वेगळा. मी बैलगाडा शर्यतीची फॅन आहे. हो, लॅपटॉप-कॉफीवाली असूनही! हे वेड मामाकडून आलंय. शिरूर तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेला त्याच्या दोस्ताचा गाडा पळणार होता. मी रविवारची सगळी कामं गुंडाळून सकाळी नऊला घाटात हजर!

घाट म्हणजे दोन्ही बाजूंनी माणसांनी गच्च भरलेली चढाची धावपट्टी. पुढे घोडी, मागे बैल, स्पीकरवर ‘भिर्रर्र...’ आणि काही सेकंदांत खेळ खल्लास! पण आमच्या गाड्याचं टोकन निघालं उशिराचं. बारी दुपारी चारला. ऊन तर मी म्हणत होतं. मी म्हटलं, ‘मामा, इनामगाव इथून जवळच ना? चल की.’

‘तिथं काय आहे? पांढरीची माती.’

बरोबरच होतं त्याचं. ऊस, घोड नदी आणि काठावर पांढुरक्या मातीची टेकाडं. पण याच मातीत डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं खोदकाम केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. निघालं काय, तर इसवीसनपूर्व १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं अख्खं गाव! शंभराहून जास्त घरं, चुली, धान्याच्या कणग्या, नदीचं पाणी वळवण्यासाठी खोदलेला पाट. आधी ऐसपैस चौकोनी घरं, मग पाऊस रुसल्यावर छोट्या गोल झोपड्या.

आणि बैल! एका घराच्या जमिनीत पुरलेली मातीची पेटी सापडली. तिच्यासोबत मस्तक नसलेली देवी आणि मातीचा एक बैल. देवीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. काडी घातली की देवी बैलावर स्वार! तिकडे प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४मध्ये ब्राँझची बैलजोडी जुंपलेला गाडा मिळाला, वर हाकणारा गडी उभा. म्हणजे आपलं हे गाड्याचं वेड काल-परवाचं नाही, बॉस.

पण खरं तेही सांगायला हवं. इथे गुराढोरांची हाडंही भरपूर मिळाली, त्यांवर कापल्याच्या खुणा होत्या. देवीशेजारी बैल ठेवणारी माणसं त्याला खातही होती. मला एकदम माझ्या रूममेटचा प्रश्न आठवला, ‘बैलाला पळायला आवडतं, हे तुला त्यानं सांगितलं का?’ मी तो मामाला विचारला.

‘नाही सांगितलं. आपणच ठरवतो. म्हणून तर आधी त्याला खाऊ घालायचं, मग आपण जेवायचं.’

मग मी त्याला दफनांबद्दल सांगितलं. इथले लोक आपली माणसं घरातच, जमिनीखाली पुरत. मोठ्यांचे पाय घोट्यापासून तोडत. मेलेल्यानं घर सोडून जाऊ नये म्हणून असावं, असं अभ्यासक म्हणतात.

मामा बराच वेळ गप्प. मे २०१४मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या. वर्षभरात मामानं त्याचा बैल विकला. नुसता बांधून खाऊ घालणं परवडेना. डिसेंबर २०२१मध्ये अटींवर परवानगी आली, मे २०२३मध्ये घटनापीठानं कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. पण तोवर मामाचा गोठा रिकामा झाला होता. आता तो माझ्यासारखाच, नुसता बघ्या.

‘माणसं तरी ठेवली त्यांनी घरात,’ तो म्हणाला आणि गाडीकडे चालू लागला.

चारला आमची बारी झाली. नंबर हुकला. दोस्त हिरमुसला. मामा मात्र घाट संपतो तिथे आधीच जाऊन उभा होता, दुसऱ्याच्या बैलाच्या कपाळावरून हात फिरवत. मित्राला मेसेज केला, ‘सॉरी. तुझी ती तटबंदी आज कळली.’

कसं जाल? पुण्याहून नगर रस्त्यानं शिक्रापूर, तिथून तळेगाव ढमढेरे, न्हावरे आणि मग इनामगाव. स्वतःची गाडी बरी. पाणी, टोपी सोबत हवीच. खापराचा तुकडा दिसला तर बघा, फोटो काढा, पण खिशात टाकू नका. तो त्याच घरचा आहे.