रंगपरीक्षा

"आपली कन्या अमेरिकेंत काय करते?" हा प्रश्न आम्हांस गेलीं बारा-चौदा वर्षें लग्नकार्यांत, मुंजींत, एवढेंच काय पण एस्. टी.च्या थांब्यावरसुद्धां विचारण्यांत येतो. ज्यांचीं मुलें डॉक्टर किंवा इंजिनिअर आहेत, त्यांचें उत्तर एका शब्दांत आटोपतें. आमचें तसें नाहीं. ती खेळाचे कपडे करणाऱ्या एका कंपनींत 'सीनिअर कलर डिझायनर' आहे असें सांगितलें, कीं विचारणारा क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतो आणि "म्हणजे नेमकें काय?" असें म्हणतो. खरें सांगावयाचें तर तें नेमकें काय, हें आम्हांसही ठाऊक नव्हतें. आमचे थोरले बंधु एकदां पंक्तींत सर्वांदेखत म्हणाले, "म्हणजे रंगारीण झाली म्हणा कीं!" सगळे हंसले, आम्हीही हंसलों. पुढें पुढें "ती कापडाच्या धंद्यांत आहे" एवढेंच सांगून आम्ही विषय बदलूं लागलों. संस्कृताच्या मास्तराच्या मुलीनें एखादें शास्त्र शिकावें, निदान एम्. ए. तरी व्हावें, अशी आमची इच्छा होती. ती मोडून ती अहमदाबादेस वस्त्रकला शिकावयास गेली, हें शल्य आम्हीं बरींच वर्षें जपून ठेविलें होतें.

सन २०२४च्या जून महिन्यांत आम्ही उभयतां वाईहून निघून तिच्याकडे पोर्टलंडास गेलों. हें ओरेगन संस्थानांतलें नदीकांठचें शहर. नायकी कंपनीचें मुख्य ठाणें तेथून जवळच बीव्हर्टन येथें, आणि आदिदासचें उत्तर अमेरिकेचें ठाणें खुद्द पोर्टलंडांत. त्यामुळें इचलकरंजीस जसा मागांचा, तसा तेथें खेळाच्या बूट-सदऱ्यांचा विषय घरोघर निघतो. उन्हाळ्यांत रात्रीं नऊ वाजेपर्यंत लख्ख उजेड असतो. सायंसंध्या नेमकी केव्हां करावी, ह्या विवंचनेंत आमचे पहिले आठ दिवस गेले.

आठवड्यांतले दोन दिवस कन्या घरींच काम करी. तिच्या खोलींत करड्या रंगाची, एका बाजूनें उघडी अशी एक पेटी होती. आंत निरनिराळे दिवे. एका कळीनें दिवसाच्या उजेडासारखा उजेड पडे, दुसरीनें दुकानांतल्या नळीच्या दिव्यांसारखा, तिसरीनें जुन्या पिवळ्या बल्बासारखा. त्या पेटींत कापडाचे दोन-दोन बोटें तुकडे शेजारीं शेजारीं ठेवून ती तासन् तास पाहात बसे. हेंच का तें काम, असें आमच्या मनांत आलें. परंतु पाहुण्यानें यजमानाच्या चरितार्थाविषयीं बोलूं नये म्हणून आम्ही गप्प राहिलों. सौ.ला मात्र त्या पेटीचें मर्म तत्काळ कळलें. "आपल्या सासूबाई लुगडें घेतांना तें दुकानाच्या पायरीवर उन्हांत नेऊन पाहात असत, तेंच हें," असें ती म्हणाली, आणि कन्येनें तिला मिठी मारली.

मग हळूहळू आम्हांस उलगडा होत गेला. सदऱ्याचा आकार, शिवण, खिसे हें सर्व दुसरे ठरवितात. ऋतूचे सगळे कपडे मिळून कोणते रंग वापरावयाचे, कोणत्या सदऱ्याला कोणते दोन-तीन रंग द्यावयाचे, कोणत्या विजारीशीं कोणता जुळवावयाचा, हें हिचें काम. तेंही कपडा दुकानांत येण्याच्या दीड-दोन वर्षें अगोदर. आम्ही होतों तेव्हां ती २०२६च्या वसंताचे रंग ठरवीत होती. ठरविलेला रंग नुसता तोंडीं सांगून भागत नाहीं. 'भगवा' म्हटला तर वाईच्या बाजारांत दहा दुकानांत दहा भगवे मिळतील. पॅन्टोन नांवाच्या अमेरिकन कंपनीनें १९६३ मध्यें रंगांना क्रमांक देऊन त्यांची पुस्तकें काढलीं. कापडासाठीं तर रंगविलेल्या सुताचे नमुनेच मिळतात. तो नमुना व क्रमांक व्हिएतनाम किंवा तैवानमधल्या गिरणीकडे जातो, गिरणी लहानसा तुकडा रंगवून पाठविते, त्यास 'लॅब डिप' म्हणतात. पेटींत पाहून ही लिहिते : थोडा पिवळा कमी करा, थोडा काळपट करा. पुन्हां तुकडा येतो. असें तीन-तीन वेळां चालतें.

पेटींत निरनिराळे दिवे कशाला, असें आम्हीं विचारलें. त्याचें उत्तर आम्हांस फार आवडलें. दोन कापडें निरनिराळ्या द्रव्यांनीं रंगविलेलीं असलीं, तर तीं एका उजेडांत तंतोतंत सारखीं व दुसऱ्या उजेडांत अगदीं निराळीं दिसूं शकतात; कारण प्रत्येक द्रव्य उजेडाचा वेगवेगळा भाग गिळतें. कारखान्यांत जुळलेला सदरा आणि विजार दुकानांत भांडूं लागतात ते ह्यामुळें. त्यांत खेळाचें कापड बहुधा पॉलिएस्टरचें. त्याला सुताचा रंग चढत नाहीं; निराळ्या जातीचा रंग दाबाखालीं १३० अंश सेल्सिअसच्या सुमारास पाण्यांत उकळून आंत शिरवावा लागतो. आणि शिरला तरी तो स्वस्थ बसेल असें नाहीं. तांबड्या सदऱ्यावर पांढरा आंकडा उष्णतेनें चिकटविला, तर तांबडा रंग वर चढून आंकडा गुलाबी होतो. एका ऋतूचे सबंध सदरे ह्या पायीं परत आलेले तिनें पाहिले होते.

'सीनिअर' ह्या विशेषणाचा अर्थही कळला. हाताखालचीं चार तरुण मुलें रोज नवे रंग सुचवितात, आणि हिचा निम्मा दिवस ते काढून टाकण्यांत जातो. ठराविक मापाहून कमी कापड गिरणी रंगवावयास घेत नाहीं. एक रंग वाढला, कीं एक घाणा वाढला, आणि न खपलेला माल वाढला. हिशेबनिसापुढें उभें राहून "हा रंग राहिलाच पाहिजे" असें म्हणण्याची वेळही तिच्यावरच येते. आमच्या शाळेंत संस्कृताच्या तासिका वांचविण्यासाठीं आम्ही वरिष्ठांशीं असेंच भांडत असूं.

शब्दांच्या बाबतींत मात्र आम्हीं तिला थोडी मदत केली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. प्रत्येक रंगाला विक्रीसाठीं नांव लागतें, आणि तीं नांवें अशीं असतात कीं त्यांवरून रंगाचा बोध होऊं नये. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्यें नायकीच्या धांवपटूंच्या पायांत डोळे दिपविणारे पिवळे-हिरवे बूट होते. त्या रंगाचें नांव 'व्होल्ट'! आम्हीं तिला अमरकोश सांगितला. एकट्या पांढऱ्याला डझनाहून अधिक शब्द. पांढऱ्यांत तांबडा मिसळला कीं पाटल, किंचित् फिकट तो धूसर, अजून पुरता न प्रकटलेला तांबडा तो अरुण. तिनें सगळे लिहून घेतले. 'राग' हा शब्द रंगविणें ह्या अर्थाच्या धातूपासून निघाला व त्याचाच अर्थ पुढें प्रेम असा झाला, हें सांगितल्यावर ती म्हणाली, "अण्णा, हें तुम्हीं मला लहानपणीं कां नाहीं सांगितलंत?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

"पण खेळाला रंगाचें काय? धांवणारा धांवेलच," असें आम्ही एकदां म्हणालों. तेव्हां तिनें १९९६ची गोष्ट सांगितली. मँचेस्टर युनायटेडचा फुटबॉल संघ १३ एप्रिलला साउदॅम्प्टन येथें करड्या पोशाखांत उतरला आणि मध्यंतरापर्यंत ०-३ असा मागें पडला. फर्ग्युसन ह्या त्यांच्या व्यवस्थापकानें मध्यंतरांत सगळ्यांचे सदरे बदलविले. गर्दीच्या पार्श्वभूमीवर आपलेच गडी दिसत नाहींत, अशी तक्रार होती. तरी सामना १-३ असा गेलाच. हरणाऱ्याला सबब लागते, हें आमचें शिक्षकी मत आम्हीं नोंदविलें. भरतमुनींनीं करुण रसाचा वर्ण कपोताचा, म्हणजे पारव्याचा करडा, सांगितला आहे. त्यांनीं तो आपण होऊन अंगावर ओढवून घेतला, दुसरें काय! परंतु तिनें दुसरें उदाहरण दिलें तें हंसण्यावारीं नेण्यासारखें नव्हतें. नोव्हेंबर २०१५ मध्यें अमेरिकन फुटबॉलच्या एका सामन्यांत एक संघ नखशिखांत तांबडा व दुसरा नखशिखांत हिरवा आला. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या हजारों लोकांस दोन्ही संघ एकच दिसूं लागले. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारें बारांपैकीं एकास तांबड्या-हिरव्याचा भेद नीट कळत नाहीं. "आमच्याकडे संघाचा कोणताही पोशाख मंजूर करण्यापूर्वीं अशा डोळ्यांना तो कसा दिसेल, हें मी संगणकावर पाहतें," ती म्हणाली. "नोकरीला लागल्यापासून पाहतें. ह्या सामन्याच्याही आधींपासून."

पुढच्या शनिवारीं सकाळीं नातवाचा फुटबॉलचा सराव पाहावयास गेलों. नातू आठ वर्षांचा. शिक्षकानें एका बाजूस नारिंगी व दुसऱ्या बाजूस पोपटी बंड्या वांटल्या होत्या. असें आम्हांस मागाहून सांगण्यांत आलें. नातवानें दोनदां चेंडू मिळविला आणि दोन्ही वेळां तो नेमका प्रतिपक्षाच्या हवालीं केला. चेंडू घेतलेला मुलगा उलट दिशेस धांवला म्हणून आम्हांस तें समजलें. आमच्यांतला मास्तर जागा झाला. आम्ही काठावरून मोठ्यानें ओरडलों, "लक्ष कोठें आहे रे तुझें?" पोर जागच्या जागीं थिजलें.

"अण्णा, ओरडूं नका," कन्या हळूच म्हणाली. "त्याला ते दोन रंग वेगळे दिसत नाहींत."

संध्याकाळीं तिनें एक पुस्तक आणिलें. टोकिओचे डॉक्टर इशिहारा ह्यांनीं १९१७ मध्यें तयार केलेल्या चित्रांचें तें. रंगीत ठिपक्यांच्या वर्तुळांत ठिपक्यांचेच आंकडे. सौ.नें ते पाढे म्हणावे तसे घडाघडा वाचले. नातवानें पहिला आंकडा १२ वाचला, मग कांहीं चुकीचे वाचले, मग "कांहीं नाहीं" असें म्हणूं लागला. नंतर पुस्तक आमच्यापुढें आलें. पहिलें १२ आम्हीं रुबाबांत वाचलें. दुसऱ्या पानावर जो आंकडा वाचला तो ऐकून सौ. चमकली. चौथ्या-पांचव्या पानावर तर आम्हांस ठिपक्यांवांचून कांहीं दिसेना. चष्मा पुसून पाहिला, दिव्याखालीं धरून पाहिलें. नातू टाळ्या पिटीत ओरडला, "आजोबा, तुम्ही माझ्यासारखेच!"

हा दोष पुरुषास आईकडून येतो, बापाकडून नव्हे. बाप तो आपल्या मुलीच्या हवालीं करतो. तिचे स्वतःचे डोळे बहुधा निर्दोष राहतात, आणि तिच्या प्रत्येक मुलास तो येण्याचा संभव निम्मा असतो. म्हणजे आमचेच डोळे तिच्या हातून नातवाला पोंचले होते, आणि आम्हांस ते आमच्या मातोश्रींकडून आले. मामांना मिरच्या तोडावयास पाठविलें, कीं ते तांबड्या सोडून हिरव्याच आणीत, आणि आजोबांचा मार खात, अशी गोष्ट आई सांगत असे.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. सन १९९५. कन्या नऊ वर्षांची, चौथींत. चित्रकलेसाठीं तपकिरी पेन्सिल हवी, पैसे द्या, म्हणून आली. आम्हीं तिची पेटी उघडली. आंत तपकिरी पेन्सिल होती.

"ही काय?"

"ती हिरवी आहे, अण्णा."

त्या स्वस्त पेन्सिलींवर नांव नसे. आम्हीं तीच पेन्सिल पुन्हां तिच्यापुढें धरली. तिनें पुन्हां तेंच सांगितलें. पैशासाठीं पोर तोंडावर खोटें बोलते आहे, आणि तेंही आमची मुलगी, ह्याचा आम्हांस असह्य संताप आला. माजघरांतून आई म्हणाली, "अरे, पोर खरें बोलते आहे. तुझ्या मामाचें पण—" "आई, तूं मध्यें पडूं नकोस," असें म्हणून आम्हीं तिला गप्प केलें. मग 'मी खोटें बोलणार नाहीं' हें वाक्य मुलीकडून शंभर वेळां लिहून घेतलें. तिनें रडत रडत लिहिलें. अक्षर मात्र शेवटपर्यंत बिघडूं दिलें नाहीं, ह्याचें आम्हांस त्या वेळीं कौतुकही वाटलें होतें.

सकाळीं ती चहा करीत असतांना आम्हीं विचारलें, "तुला केव्हां कळलें?"

कशाविषयीं, हें तिनें विचारलें नाहीं. "अहमदाबादला. डाल्टनबद्दल वाचतांना." इंग्लंडांतल्या ह्या रसायनशास्त्रज्ञानें आपल्याला व आपल्या भावाला रंग वेगळे दिसतात असा निबंध १७९४ मध्यें वाचला होता. तोही तरुणपणीं शाळामास्तर होता, असें ती हंसून म्हणाली.

"मग सांगितलें कां नाहींस?"

"सांगितलं होतं कीं. नऊ वर्षांची असतांना." आणि तिनें कप पुढें केला.

आम्ही पस्तीस वर्षें मास्तरकी केली. त्या अवधींत कोणाही मुलाची क्षमा मागितल्याचें आम्हांस स्मरत नाहीं, त्यामुळें ती कोणत्या शब्दांत मागावी हें सुचेना. दुपारीं नातवाला घेऊन आम्ही जवळच्या चित्रसाहित्याच्या दुकानांत गेलों. ह्या दुकानांत प्रत्येक पेन्सिलीवर नांव छापलेलें होतें. तपकिरी रंगाचा शब्द कोठें दिसेना. दुकानदारीणबाईस विचारण्याची लाज वाटली. आणि नातवाचा कांहीं उपयोग नव्हता. अखेर एकीवर 'टेर व्हर्ट' असें वाचलें. टेरा म्हणजे लॅटिनांत भूमि, एवढी व्युत्पत्ति आम्हांस ठाऊक. मातीचा रंग तो तपकिरीच! डोळे दगा देतात तेथें शब्द उपयोगी पडतो, अशा समाधानांत पैसे देऊन ती आम्हीं घरीं आणली आणि कांहीं न बोलतां तिच्या टेबलावर ठेविली.

तिनें ती उचलली, पेटीचा दिवा लावला, आंत धरून पाहिली. आम्ही दारांत उभे होतों.

"अण्णा," ती म्हणाली, "ही हिरवी आहे."

"असेल," आम्ही म्हणालों. "तूं म्हणतेस तर हिरवीच."

तिनें ती पेन्सिल तासली आणि आपल्या पेल्यांत इतर पेन्सिलींत खोंचून ठेविली.