राजेळीचं ऊन

मनावर ताबा म्हणजे दातओठ खाऊन बसणं, ही समजूत विरारजवळच्या आगाशी-बोळिंजच्या वाड्यांत वाढलेल्या पोराला पटणं कठीण. आमच्याकडे सुकेळी वाळायची. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात मांडायची, रोज उलटायची, दव पडायच्या आत उचलायची. आठवडाभरात ती मधाच्या रंगाची, चिवट होत. मग केळीच्याच वाळक्या पानांत बांधायची. खरी परीक्षा मधल्या दिवसांची. अर्धवट वाळलेलं केळं पुऱ्या सुकेळीपेक्षा जास्त खुणावतं.

आजीने ‘हात लावू नकोस’ असं कधी म्हटलं नाही. ती आम्हाला मांडणीकडे पाठ करून विहिरीपाशी बसवी आणि वाळकी पानं पुसायला देई. फाटकी, तुटकी केळी पोरांची, हे आधीच ठरलेलं असे. तो शब्द तिने एकदाही मोडला नाही.

कॉलेजात वॉल्टर मिशेलचा प्रयोग शिकलो तेव्हा ते विहिरीपाशी बसणं आठवलं. 1970 च्या आसपास स्टॅनफर्डच्या बालवाडीत मुलांपुढे खाऊ ठेवला आणि सांगितलं, थांबलात तर दुप्पट मिळेल. खाऊकडे टक लावणारी लवकर हरली. ज्यांनी तोंड फिरवलं, गाणी म्हटली, ती टिकली. पुढे व्याख्यानवाल्यांनी त्यातून ‘थांबणारी मुलंच आयुष्यात पुढे जातात’ एवढंच उचललं. 2018 मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या मोठ्या गटाची माहिती तपासली. घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर तो संबंध बराचसा विरला. मला नवल वाटलं नाही. दिलेला शब्द पाळला जातो त्या घरातलं पोर थांबतं; बाकीच्यांनी हाती आलं ते खाणं हाच शहाणपणा.

नोकरीची वर्षं विरार लोकलने खाल्ली. छातीत कोपर रुतलेलं असताना ‘शांत राहा’ म्हणणारा माणूस मला अजूनही उद्धट वाटतो. पण आमच्या डब्यात भजनमंडळ होतं. टाळ वाजले की दारातली हमरीतुमरी आपोआप खाली येई. कोपर जिथल्या तिथे असे.

चालढकलीला मात्र लक्ष दुसरीकडे वळवायची ही युक्ती उलटी लागू पडते. बाबा गेले आणि वाडीची वारसनोंद राहिली. काम अवघड नव्हतं: मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, प्रतिज्ञापत्र. तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं, हेही ठाऊक होतं. आम्ही भावंडं मात्र दर रविवारी वाडीचं कुंपण नीट करत होतो, विहिरीचा पंप दुरुस्त करत होतो. वेळ भरपूर होता. नको होतं ते एवढंच, की फेरफार मंजूर झाल्यावर सातबाऱ्यावर बाबांच्या नावाला कंस पडेल. आळशी म्हणून आम्हाला बोल लावणारे नातेवाईक होते. त्यांच्या बोलण्याने कागद एक इंचही हलला नाही. हलला तो धाकट्या आत्याने, ‘मी येते, अर्ज मी लिहिते, तुम्ही नुसत्या सह्या करा,’ असं म्हटल्यावर. कचेरीबाहेरच्या बाकावर ती बाबांच्या लहानपणीच्या खोड्या सांगत बसली होती.

चालढकल ही वेळेपेक्षा भावनेची अडचण असते, असं अलीकडे टिमोथी पिचिलसारखे अभ्यासक मांडतात. त्यांचं खरं असेल तर वेळापत्रकाच्या वह्या विकत घेण्यात अर्थ नाही. तुमच्या घरात कुणाची वारसनोंद रखडली असेल, तर वारसांना तारखा ऐकवू नका. अर्ज लिहून द्या आणि सोबत जा.